ज्यू डेली गिऱ्हाइकाने बंद पाडल्या म्हणे!

हडसनकाठी:
परवा 'रोखठोक' यांनी इथेच लिहिलं की न्यूयॉर्कच्या ज्यू डेली, म्हणजे मुरवलेल्या मांसाची सँडविचं विकणारी खानावळवजा दुकानं, एकेक करून बंद पडतायत ते बरंच आहे. तीस डॉलरचं सँडविच, खेकसणारे वेटर, वर आजोबांच्या आठवणींची फोडणी. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली, विषय संपला. प्रतिसाद लिहायला बसलो, तो आवरेना, म्हणून वेगळा धागा.

अहो, पाठ फिरवली कोणी? २०१६च्या डिसेंबरात कार्नेगी डेली कायमची बंद होणार म्हटल्यावर सेव्हन्थ ॲव्हेन्यूच्या फुटपाथवर रांगा लागल्या होत्या. कॅट्झ डेलीमध्ये आजही रविवारी दुपारी जाऊन दाखवा, मग बोलू. गिऱ्हाईक आहे. मालक नाहीत.

१९३०च्या दशकात या शहरात दीड हजारांवर कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे धर्मनियम पाळणाऱ्या, डेली होत्या. आता जुन्या वळणाच्या मोजक्या उरल्यात. १९२४च्या अमेरिकी इमिग्रेशन कायद्याने पूर्व युरोपातून येणारा ज्यूंचा लोंढा आटवला, दुसऱ्या महायुद्धानंतर कुटुंबं लाँग आयलंडला आणि आपल्या जर्सीत पांगली, सुपरमार्केटात पाकीटबंद सलामी सॉसेज मिळायला लागलं. हे सगळं खरंच. पण मला विचाराल तर खरी गोम घरात आहे. पस्ट्रामीचं मांस दिवसेंदिवस मुरवायचं, मिरी-धणे चोळून धुरी द्यायची, मग वाफवायचं आणि दिवसभर उभ्याने कापत राहायचं. अशात जन्म काढलेल्या बापाने पोराला काय सांगितलं असेल? शीक, आणि या काउंटरमागे येऊ नकोस. पोरं शिकली. डॉक्टर झाली, वकील झाली. दुकानाने आपलं काम चोख केलं, मग ते बंद झालं. याला गिऱ्हाइकाचा निकाल म्हणायचं असेल तर कठीण आहे.

रोखठोक:
माझ्या नावाने धागा, आभारी आहे. एवढं लिहून तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. मालकाचा मुलगासुद्धा ज्या धंद्यात उतरायला तयार नाही तो धंदा संपणारच. आणि रांगांचं काय सांगता? मयताला गर्दी होतेच, माणूस हयात असताना किती जण फिरकायचे ते विचारा.

आमचा अनुभव ऐका. मिडटाउनमधली एक डेली, नाव घेत नाही. बायको शाकाहारी. वेटरला विचारलं, हिला काय मिळेल? म्हणाला, लोणचं आहे टेबलावर. वर टिप हवी अठरा टक्के! असल्या परंपरेसाठी मी गळा काढायचा?

भाडेकरू:
भाड्याबद्दल कोणी बोलणारच नाही का? सेकंड ॲव्हेन्यू डेली १९५४ची. २००६च्या सुरुवातीला भाड्याच्या वादात ईस्ट व्हिलेजमधली जागा सोडावी लागली, तिथे बँक आली. पुढे ३३व्या रस्त्यावर पुन्हा उघडली, नाव सेकंड ॲव्हेन्यूच. कॅट्झ १८८८पासून टिकली कारण पायाखालची जागा स्वतःची. शिवाय डोक्यावरचे हवाई हक्क, म्हणजे वर आणखी मजले चढवायचा हक्क, विकून पैसे केले ते वेगळंच. गिऱ्हाईक आणि पोरंबाळं सोडा, या शहरात घरमालक ठरवतो काय जगायचं ते. माझ्या जर्सी सिटीतल्या घरमालकाने गेल्या वर्षी भाडं वाढवलं, वर हीटर बंद. तक्रार केली तर म्हणतो, स्वेटर घाला. सगळे एकाच माळेचे मणी.

तिरकस:
तुमच्या हीटरचा आणि पस्ट्रामीचा संबंध कळला नाही. आणि कार्नेगीची इमारत मालकिणीच्याच घरची होती. तरी बंद केली. आता?

भाडेकरू:
एखादा अपवाद असतो.

तिरकस:
तुमची उदाहरणं दोन, माझा अपवाद एक. टक्केवारी तुम्हीच काढा.

काकू_एडिसन:
रोखठोक, बायकोला चुकीच्या ठिकाणी नेलंत. कोशरमध्ये मांस आणि दूध एकत्र चालत नाही, मांसाच्या डेलीत दूधदुभतं मिळत नाही हे इतकी वर्षं इथे राहून माहीत नाही? त्यांनी सेकंड ॲव्हेन्यूवरच्या बी अँड एच डेअरीत जावं. १९३८पासूनची अरुंद बोळकंडी आहे, मांस औषधालाही नाही. ब्लिंट्झ, म्हणजे चीज भरलेली घडीची धिरडी, खा, हाला ब्रेड लोण्यात भाजून घ्या. आणि चालवतं कोण? इजिप्तचा मुसलमान नवरा, पोलंडची कॅथलिक बायको. जेवण कोशर. तिकडे ब्रुकलिनचं डेव्हिड्स ब्रिस्केट हाउस यमनी मुसलमानांकडे आहे. तेव्हा हडसनकाठी, मालक नाहीत हे तुमचं निम्मंच खरं.

अलिबागची:
आता राहवत नाही. इतकं लिहिलंत आणि सगळ्यांनी ज्यू जेवण म्हणजे पस्ट्रामी हे गृहीतच धरलंय. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. माझी आजी रेवदंड्याची. शनिवार आमचा विश्रांतीचा वार, तेव्हा तेलाचा घाणा बंद, म्हणून गाव शनवार तेली म्हणायचा. घरी गोमांस कधी शिजलं नाही. मटणाला दही-दूध लावायचं नाही, म्हणून रश्शाला नारळाचं दूध. रोश हशनाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा, नवस फेडायला एलियाहू हानबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा. मॅनहॅटनमध्ये पहिल्यांदा डेलीत गेले तेव्हा काउंटरवरच्याने गरम तुकडा चाखायला पुढे केला. म्हटलं, मी ज्यू आहे पण हे खात नाही. म्हणाला, मग कसली ज्यू? हसत म्हणाला, पण म्हणालाच ना.

पंजाब्यांचं पनीर म्हणजे भारतीय जेवण असं कोणी गोऱ्याने म्हटलं की याच मंडळींचा तिळपापड होतो. इथे मात्र चालतं.

रोखठोक:
ताई, राग मानू नका, पण चिकाचा हलवा आमच्या आजोळीही व्हायचा. नारळाचं दूध तर आख्खं कोकण घालतं. यात ज्यू असं काय आहे? हे आपलं कोकणीच जेवण झालं.

अलिबागची:
वाटच बघत होते. हलवा 'आपला', आणि ब्रिस्केट, ते छातीचं गोमांस, तेवढं ज्यू? पस्ट्रामी काय सिनायच्या डोंगरावरून आली? ती आली रुमानियातून, रुमानियात तुर्कांकडून. तिथल्या ज्यूंनी शेजाऱ्यांचं उचललं, आपल्या नियमांत बसवलं. आम्हीही तेच केलं. त्यांचं उचललेलं परंपरा ठरतं आणि आमचं उचललेलं तुमचं ठरतं, हा कुठला न्याय?

आणि हे सर्टिफिकेट मागणं आम्हाला नवीन नाही. इस्रायलला गेलेल्या आमच्या माणसांच्या लग्नांवरून तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, शंका काढल्या, १९६४पर्यंत भांडावं लागलं. तिथे म्हणायचे तुम्ही ज्यू कसले, इथे तुम्ही म्हणता जेवण ज्यू कसलं. आम्ही जायचं कुठे?

रोखठोक:
मी हलव्याबद्दल बोललो, तुम्ही रब्बींवर गेलात. शब्द तोंडात घालू नका.

अलिबागची:
हलवाही घालणार नाही.

हडसनकाठी:
ताई, मुद्दा पोचला, आणि काकूंचाही. 'ज्यू मालक' म्हणायला हवं होतं, ठीक. पण धागा डेलींचा आहे. तीस डॉलरचं उत्तर राहिलंय. कोशर नियमांमुळे इथे जनावराचा मागचा भाग सहसा वापरत नाहीत, पुढचाच. ब्रिस्केट आणि पोटाकडचा नेव्हल हे एके काळचे स्वस्त तुकडे, म्हणून तर गरिबांच्या सँडविचात आले. आता टेक्ससच्या बार्बेक्यूवाल्यांनाही तेच ब्रिस्केट हवंय. धुरी आणि वाफेत वजन घटतं ते मालकाच्या खिशातून. वर गिऱ्हाइकाला सँडविच हातभर उंच पाहिजे.

तिरकस:
धागा डेलींचा होता तोवर चार टाळकी होती. हलवा आल्यापासून जीव आला.

भाडेकरू:
आणि कॅट्झमध्ये दारात देतात ते बिलाचं तिकीट हरवलं तर दंड भरावा लागतो, हे कोणी लिहिलं नाही. अनामत रक्कम बुडवणारे घरमालक असंच करतात.

तिरकस:
आलं का परत हीटरवर.

रोखठोक:
शेजाऱ्यांकडून उचलण्याचा मुद्दा मान्य. नाइलाजाने. मांसाचा हिशोबही समजला. तरी दोन माणसांचं सँडविच एकाला विकून उरलेलं घरी न्यायला लावायचं ही परंपरा नव्हे, तो धंदा. अर्धं द्या, अर्धे पैसे घ्या, मी येतो.

हडसनकाठी:
अर्धं मिळतं हो पुष्कळ ठिकाणी, सूपबरोबर. मेनू उघडला असतात तर दिसलं असतं.

काकू_एडिसन:
तुमचं चालू द्या. अलिबागची, मला तो हलवा सांगा. गहू किती दिवस भिजवायचे? माझा चीक दरवेळी तळाला लागतो.

अलिबागची:
काकू, मी इथे गहू भिजवत बसत नाही, गव्हाच्या सत्वाचं पाकीट आणते. आजी बघत नाही तोवर चालतंय. नारळाचं पहिलं, घट्ट दूध घ्या, सगळं गार असतानाच कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग मंद आचेवर ढवळायला लागा आणि गोळा कडा सोडेपर्यंत हात थांबवू नका. वेलची शेवटी. ताटात थापून वड्या पाडा, एडिसनभर वाटा. फक्त रोखठोकांच्या घरी पाठवू नका, त्यांच्या आजोळी होतोच.