तीन दिवस वर्गात, दोन दिवस ऑनलाइन: ३६ मुलांवर लक्ष कसं ठेवायचं?

खाडीकाठ:
गुहागर तालुक्यात दहावीची तयारी करून घेणारं छोटं केंद्र आहे. मुलं ३६, शिकवणारे चार. काही मुलं एनआयओएसला (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाला) बसतात, काही १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या राज्य मंडळाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार प्रत्यक्ष वर्ग आणि मंगळवार, गुरुवार ऑनलाइन. पाच-सहा मुलं खाडीपलीकडून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येतात.

ऑनलाइनची हजेरी कागदावर छान दिसते, पण बुधवारी मंगळवारचं काही विचारलं की निम्मा वर्ग गप्प. पाऊस लागला की लाईट जाते आणि मागोमाग रेंजही. चार मुलं जवळजवळ गळाल्यात जमा आहेत आणि ते लक्षात यायलाच तीन आठवडे गेले. ॲप कुठलं घ्यावं हे विचारत नाहीये. मूल मागे पडतंय हे वेळेत कळावं आणि कळल्यावर कुणी काय करायचं, याची घडी कशी बसवायची ते सांगा.

बांदावरून:
आधी हजेरीची व्याख्या बदला. लिंकवर नाव दिसणं म्हणजे हजेरी नव्हे. मुलं फोन चालू ठेवून विहिरीवर जातात. त्या दिवसाचं वहीचं एक पान आलं तरच हजर, इतकं सरळ ठेवा.

इथे शिक्षकाचा हिशेब चुकतो, म्हणून आकडा मांडतो. ३६ मुलं आणि पाच विषय धरले तर एका ऑनलाइन दिवसाचे १८० फोटो होतात. ते कुणी तपासत नाही, आणि तपासत नाहीत हे मुलांना दुसऱ्याच आठवड्यात कळतं. म्हणून एका ऑनलाइन दिवशी एकाच विषयाचं एकच पान मागवा. ३६ पानं, दोन मिनिटांना एक, म्हणजे सव्वा तास. दोघांनी वाटून घेतलं तर संध्याकाळी हातावेगळं होतं. तुमचे दिवस एकाआड एक आहेत ते उत्तमच, कारण मंगळवारच्या चुका बुधवारी फळ्यावर घेता येतात. तो पहिला अर्धा तास त्यासाठीच राखून ठेवा, त्यात नवीन धडा घुसडू नका.

फोटोचे नियम एकदाच वर्गात करून दाखवा. पान दारात उजेडात ठेवायचं, फ्लॅश बंद, फोन पानाच्या बरोबर वर, एका फोटोत एकच पान, वरच्या कोपऱ्यात नाव आणि तारीख. पेन्सिलीने लिहिलेलं दिसत नाही, पेनच हवं.

थेट तास ३५ मिनिटांचा, दिवसाला दोन, बस. केंद्र सरकारच्या २०२० च्या ऑनलाइन शिक्षणाबद्दलच्या प्रज्ञाता मार्गदर्शक सूचनांत नववी ते बारावीला ३० ते ४५ मिनिटांचे चार तास चालतील असं आहे, पण एका घरात एकच फोन असेल तर चार तास निव्वळ कागदावर राहतात. नवीन संकल्पना, प्रयोग, भूमितीच्या रचना, इंग्रजी बोलणं हे सगळं प्रत्यक्ष दिवशी. ऑनलाइन दिवशी फक्त सराव आणि उजळणी.

आणि फोन घरात कधी असतो ते प्रत्येक घरी विचारून तक्ता करा. बाबा होडीवर गेले की फोन त्यांच्याबरोबर जातो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्या घरांत फोन दिवसभर मिळतो, ऑगस्टपासून पुन्हा नाही. बागायतीत उलट. मार्च ते मे आंब्याच्या हंगामात फोनच काय, मूलही घरी सापडत नाही. सगळ्यांना सकाळी १० वाजता बोलावण्याऐवजी एक तास सकाळी, आणि तोच तास रात्री ८ वाजता पुन्हा, असं ठेवलं तर गळती बरीच कमी होते.

जांभादगड:
रेंज आणि लाईटपुरतं लिहितो.

कोकणात ऑनलाइनची व्यवस्था इंटरनेट नाही असं गृहीत धरूनच करावी. केंद्रात एक रास्पबेरी पाय ४ (हाताएवढा छोटा संगणक) किंवा जुना लॅपटॉप घ्या आणि त्यावर कोलिब्री हे शिकवण्याचं सॉफ्टवेअर बसवा. हे मोफत आहे आणि एकदा साहित्य भरलं की नेटशिवाय वाय-फायवर चालतं. तुमच्या शिक्षकांचे व्हिडिओ, पीडीएफ आणि प्रश्नसंच कोलिब्री स्टुडिओतून चढवता येतात. कुणी काय उघडलं आणि चाचणीत कुठला प्रश्न चुकला, हे शिक्षकाला दिसतं. शुक्रवारी जाताना मुलं पुढच्या दोन ऑनलाइन दिवसांचे व्हिडिओ फोनमध्ये किंवा मेमरी कार्डावर घेऊन जातील. ई-बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये मिळतात, तीही त्याच दिवशी द्या. दीक्षा ॲपमधलं साहित्यही आधी उतरवून ठेवता येतं.

व्हिडिओ आठ मिनिटांच्या वर नको. हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ४८० पी, एच.२६४, आवाज मोनो ६४ केबीपीएस ठेवा. फळा किंवा कागदावर लिहितानाचं चित्रण असेल तर फाईल साधारण ३० एमबीच्या आसपास बसते. आवाज खराब असेल तर चित्र कितीही स्वच्छ असून उपयोग नाही. कौलावर पाऊस वाजत असताना रेकॉर्डिंग करू नका, कॉलरचा माईक लावला तरी तो आवाज येतोच.

शंका-समाधानाला व्हिडिओ कॉलपेक्षा व्हॉट्सॲपवरचा आवाजी निरोप बरा. एका मिनिटाचा निरोप पाव एमबीतही बसतो आणि रेंज आली की आपोआप जातो.

रास्पबेरी पायला ५ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा चार्जर लागतो. मोबाईलच्या साध्या चार्जरवर तो मध्येच बंद पडतो, कार्ड खराब होतं आणि दोष कोलिब्रीला दिला जातो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. अर्थिंग मे महिन्यातच तपासून घ्या, कारण सड्यावर जांभ्या दगडातला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि पहिल्या विजा तर मान्सूनच्या आधीच येतात. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि केबल दोन्ही काढायच्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही. समुद्राजवळ खाऱ्या हवेने पोर्ट गंजतात, म्हणून वापर नसताना यंत्र डब्यात सिलिका जेलसह ठेवा.

शिवारपाटी:
बांदावरून यांच्या फोटोच्या नियमाला माझा अर्धा विरोध. जुलै-ऑगस्टमध्ये तो मोडतोच. रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, नेमकी त्याच दिवशी लाईटही नसते, आणि मग प्रत्यक्ष व ऑनलाइन दोन्ही बुडतात. पावसाळ्यात प्रत्येक शुक्रवारी पाच छापील पानांचं पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, रोज एक पान, मागे उत्तरं नकोत. शाळा भरली तर त्यातली पानं वर्गात वापरा, नाही भरली तर ती घरी होतात आणि पुढच्या दिवशी गठ्ठ्याने जमा होतात. ३६ मुलांना आठवड्याला १८० प्रती. झेरॉक्स महाग वाटत असेल तर पाठपोट काढा. फेरीबोट बंद राहिल्यास त्या पाच-सहा मुलांना हेच पाकीट पुरतं.

खाडीकाठ:
पाकीट याच शुक्रवारपासून सुरू करतो. पण मूल गळतंय हे कळल्यावर पुढे काय? चारही शिक्षक सगळ्यांनाच फोन करतात, आणि खरं तर कुणीच करत नाही.

ओहोटी:
त्याचं कारण तुम्हीच लिहिलंत. प्रत्येक मुलाचा एकच माणूस हवा. चौघांत नऊ-नऊ मुलं वाटा, विषयाप्रमाणे नाही, वाडीप्रमाणे. ज्याला त्या वाडीत जाता येतं, त्याच्याकडे त्या वाडीतली मुलं. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलायचं, म्हणजे दीड तास. हा दीड तास वेळापत्रकात छापा, नाहीतर तो सगळ्यात आधी बळी जातो.

संभाषणात अभ्यास शेवटी घ्या. आधी झोप, फोन, घरचं काम, प्रवास. नोंदीला मोठा तक्ता नको. तारीख, पान आलं का, आलं नाही तर कारण. कारणं ठरलेली ठेवा: फोन नव्हता, पॅक संपला, कळलं नाही, घरकाम, मन लागत नाही, आजारी. कारण न लिहिता नुसतं 'गैरहजर' लिहिलं तर उपाय चुकतो. पॅक संपलेल्या मुलाला समजावून काय होणार? त्याला कार्डावर व्हिडिओ द्या. 'कळलं नाही' आलं तर बुधवारी वर्गानंतर वीस मिनिटं, तिघांचा गट, त्याच एका मुद्द्यावर.

पायऱ्या अशा: एक पान चुकलं तर दुसऱ्या दिवशी वर्गात विचारायचं. सलग दोन चुकली तर त्याच संध्याकाळी घरी फोन. आठवडाभर काहीच नाही तर घरी जायचं, रागवायला नव्हे. 'मन लागत नाही' दोनदा आलं तर ते अभ्यासाच्या खात्यात धरू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक भिंतीवर आणि पाकिटावर छापा. घरी मारहाण किंवा लैंगिक छळाची शंका आली तर ती आपापसात मिटवायची नसते; लैंगिक छळाचं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने कळवणं बंधनकारक आहे.

मुलांना रात्री शिक्षकाच्या खासगी नंबरवर एकेकट्याने निरोप पाठवू देऊ नका. केंद्राचा एक फोन, दोन मोठी माणसं पाहू शकतील असा. फोटो आणि नंबर घेण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या.

वाचताना अक्षरं उलटसुलट करणारं, तोंडी हुशार पण लिहिताना अडणारं मूल असेल तर दहावीच्या वर्षाची वाट पाहू नका. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वेळेत मिळालं तर राज्य मंडळाच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून जूनमध्येच सुरुवात करा.

एनआयओएसच्या मुलांचं वेगळं. माध्यमिकला किमान पाच विषय, मराठी माध्यम आहे, नोंदणी पाच वर्षं चालते आणि नऊ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मागे पडलेल्या मुलाला पाचही विषय एकदम देण्यापेक्षा आधी दोन आणि मग तीन असं वाटून द्या. स्वाध्यायाला, म्हणजे टीएमएला, २० टक्के भार असतो, आणि तो आयता गुण घरबसल्या बुडतो कारण कुणी तारीख पाहत नाही. तो मंगळवारच्या पानांतूनच करून घ्या. १७ नंबरवाल्यांना ही मोकळीक नाही, त्यांचा फॉर्म मुदतीत जाणं हेच पहिलं काम. संपर्क केंद्र असलेल्या शाळेशी आधीच बोलून ठेवा.

बांदावरून:
पाकिटाचं मान्य. एक भर: गणपतीच्या आठवड्यात पान मागवूच नका, चाकरमानी आले की घरात बसायला जागा नसते. शिमग्याचं मात्र अवघड, पालखी नेमकी दहावीच्या पेपरांच्या आसपास येते. त्या पंधरवड्यात संध्याकाळी पाच ते सात केंद्र उघडं ठेवा, शिकवायला नाही, नुसतं शांत बसून वाचायला.

खाडीकाठ:
वाडीप्रमाणे वाटणी आज रात्री करतो. खाडीपलीकडची, दाभोळच्या बाजूची मुलं कुणाला द्यायची हाच घोळ आहे, तिकडे आमच्यातलं कुणी राहत नाही.

ओहोटी:
तिकडची आशाताई किंवा अंगणवाडीताई ओळखीची असेल तर तिला विचारा. घरी जायचं काम तिने करायचं नाही, फक्त मूल दिसतंय का इतकं कळवायचं. आठवड्याचा फोन मात्र तुमच्या शिक्षकानेच करायचा.