क्युबाचा अंधार: नाकेबंदीमुळे की हवानामुळे?

दर्याकाठ, हर्णै:
समाजवादाने देश उपाशी ठेवला, साधी वीज देता येत नाही, असं अमेरिका क्युबाबद्दल सांगत असते. १९६२ पासून व्यापाराची नाकेबंदी घालून ज्याचा पाय शेजाऱ्याच्या गळ्यावर आहे त्याने हे बोलावं, याची चीड येते. १९९२ च्या अमेरिकी कायद्याने, क्युबाच्या बंदरात व्यापारासाठी लागलेलं जहाज पुढचे १८० दिवस अमेरिकेत माल चढवू-उतरवू शकत नाही. जयगडला कोळसा उतरवणाऱ्या जहाजाला सहा महिने न्हावाशेवा बंद केलं, तर जयगडला येणार कोण? येईल तो अव्वाच्या सव्वा भाडं मागेल. ते भाडं शेवटी तिथल्या तांदळावरच चढतं.

हापूसवाला, देवगड:
नाकेबंदी अन्यायच आहे. पण सगळं तिच्यावर ढकलू नका. अमेरिका २००० च्या कायद्यापासून क्युबाला अन्न विकते, फक्त पैसे आधी रोख घेते. तिथे मिळणारी गोठवलेली कोंबडी बरीचशी अमेरिकेचीच. मग टोमॅटो का मिळत नाही? तो तर तिथेच पिकतो! शेतकऱ्याने ठरलेला वाटा ‘आकोपियो’ या सरकारी खरेदी यंत्रणेला बांधलेल्या दरात द्यायचा. ट्रक येत नाही, आला तर खोकी नसतात, माल बांधावर सडतो, पैसेही थकतात. आंबा काढून ठेवला आणि गाडी आठवड्याने आली तर पेटीत काय उरतं, हे देवगडात कुणाला सांगायला नको. साखरेचंही तेच. १९७० ला ८५ लाख टन, २०२२-२३ ला जेमतेम साडेतीन लाख. २००२ मध्ये १५६ पैकी ७१ कारखाने बंद करायचं ठरलं ते क्युबाच्या राजधानीत, हवानात; वॉशिंग्टनमध्ये नाही.

दर्याकाठ, हर्णै:
चढ्या भावाने साखर घेणारा सोव्हिएत संघ १९९१ मध्ये बुडाला आणि २००२ ला जगात साखरेचे भाव पडलेले होते. हे सोडून कारखान्यांचा हिशोब कसा लागेल?

सबस्टेशन, चिपळूण:
विजेचं नीट समजून घ्या. १८ ऑक्टोबर २०२४ ला मातान्सासचं आंतोनियो गितेरास वीजकेंद्र बंद पडलं आणि सगळा देश काळोखात गेला. वीज बनवणारा मोठा संच एकदम सुटला की ग्रिडची फ्रिक्वेन्सी नेहमीच्या ६० हर्ट्झखाली घसरते. त्या क्षणी पुरेसा लोड, म्हणजे विजेची मागणी, तोडला नाही तर उरलेले संच एकामागून एक ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात. परत उभं करताना आधी छोट्या जनरेटरवर वेगवेगळी बेटं, म्हणजे ग्रिडपासून सुटे छोटे भाग, चालवायची, त्यांच्या विजेवर मोठ्या केंद्राचे पंप-पंखे फिरवायचे, बॉयलर पेटवायचा, मग बेटं जोडायची. जोडताना निर्मिती आणि लोड जुळले नाहीत की पहिल्यापासून सुरुवात. त्या चार दिवसांत ग्रिड पुन्हापुन्हा कोसळली ती अशी. मुळात तिथलं कच्चं तेल जड आणि गंधकाचं, त्याने बॉयलरच्या नळ्या खाल्ल्या जातात, म्हणून देखभाल वेळच्या वेळी हवी. सुटे भाग आणि इंधन मिळत नाही हा नाकेबंदीचा भाग. पण त्याच वर्षांत हवानात ४२ मजली हॉटेल उभं राहत होतं. तो पैसा नळ्यांना लागला असता.

दर्याकाठ, हर्णै:
हॉटेलचं मान्य, ते चुकलंच. आता वादळ बघा. तिथे माहिती, सावधानता, धोका, सावरणं असे चार टप्पे ठरलेले. वस्तीत अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, याची यादी गल्लीतल्या समितीकडे आधीच असते. फ्रीज-टीव्हीसुद्धा हलवतात, कारण माणूस घर सोडत नाही तो सामानापायीच. निसर्ग वादळ अंगावर घेतलेल्या आपल्या किनाऱ्याने हे शिकण्यासारखं आहे. २००१ च्या मिशेल वादळात सुमारे सात लाख माणसं हलवली, मेली पाच. श्रीमंत शेजाऱ्याकडे, अमेरिकेत, कतरिना वादळात हजारावर गेली. तेव्हा क्युबाने देऊ केलेले १,५८६ डॉक्टर अमेरिकेने घेतले नाहीत.

हापूसवाला, देवगड:
यादी ठेवणारी तीच गल्लीतली समिती कोण काय बोलतं याचीही नोंद ठेवते. जुलै २०२१ ला लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर आले, शेकडो तुरुंगात गेले. वादळातल्या कामाबद्दल मान झुकवतो, याबद्दल नाही.

दर्याकाठ, हर्णै:
त्या तुरुंगवासाची बाजू मी घेत नाही. पण २०२४ ला संयुक्त राष्ट्रांत १८७ देशांनी नाकेबंदी उठवा म्हटलं, भारतानेही. विरोधात दोनच, अमेरिका आणि इस्रायल. आधी १८० दिवसांची अट काढा, मग आकोपियोचा हिशोब मीही मागेन.

हापूसवाला, देवगड:
ट्रक पाठवायला अट उठण्याची वाट कशाला?