आता सीडी रिप कोण करतं? – ‘सुटसुटीत’ यांना जरा लांबलेलं उत्तर

तिसरी घंटा

परवा इथल्याच वॉशिंग मशीनच्या चर्चाधाग्यावर (विषय तिथवर कसा गेला ते विचारू नका) सुटसुटीत यांनी ठोकून दिलं: "सीडी रिप करणं, म्हणजे तिच्यावरची गाणी संगणकात उतरवत बसणं, हा निवृत्तांचा विरंगुळा आहे. महिन्याला एका मिसळीच्या पैशांत सगळं संगीत मिळतं. लोक हार्ड डिस्का का पाळतात?" त्या धाग्याचं आणखी वाटोळं नको म्हणून इथे लिहितो.

एक तर मी निवृत्त नाही, अजून चौदा वर्षं खर्डेघाशी बाकी आहे. दुसरं म्हणजे ते ‘सगळं’. ‘मानापमान’ १९११ सालचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यातली पदं तेव्हापासून किती जणांनी गायली त्याला गणती नाही. मी वापरत होतो त्या ॲपवर एकाच पदाच्या सहा नोंदी यायच्या, कोण गातंय ते कळायचं नाही, आणि एकीवर गायक म्हणून चक्क कृ. प्र. खाडिलकर. नाटककार स्वतः गातायत! मागच्या महिन्यात तर मी जमवलेल्या यादीतली अकरा पदं करडी पडली. टिचकी मारली की "तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही". माझा प्रदेश सदाशिव पेठ. नाट्यपद सदाशिव पेठेत मिळणार नसेल तर काय आइसलँडात मिळणार?

म्हणून रिप. ४१२ सीड्या, त्यातल्या ३८० झाल्या. फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता गाणं कमी जागेत ठेवणारा फाइलीचा प्रकार) एक सीडी साधारण ३०० एमबीत बसते, म्हणजे सगळा डोलारा १२५ जीबीच्या आत, नखाएवढ्या कार्डात. जुन्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर नॅव्हिड्रोम हे घरातल्या घरात गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर टाकलंय, तो फ्रिजवर राउटरशेजारी पडून असतो. सकाळी चहाचं आधण ठेवलं की फोनवरून लावतो. जाहिरात नाही, "तुम्हाला हेही आवडेल" नाही, इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात वाजतं.

विरंगुळा म्हणाल तर तो चरे पडलेल्या सीडीत. ईएसी हे रिप करायचं सॉफ्टवेअर एकच जागा पुन्हा पुन्हा वाचतं, ड्राइव्ह दमेकऱ्यासारखा घरघरतो, पाच-सहा मिनिटांचं काम चाळीस मिनिटं चालतं. आणि शेवटी ॲक्युरेटरिपशी, म्हणजे जगभरच्या रिपांच्या नोंदवहीशी, आकडा जुळतो. म्हणजे जगात दुसऱ्या कुणाच्या तरी ड्राइव्हनेही तंतोतंत हेच वाचलंय. तेव्हा जे वाटतं ते मिसळीत नाही.

सुटसुटीत

सदाशिव पेठेचा मुद्दा मान्य, हसलो. बाकीचा नाही. ४१२ सीड्या, प्रत्येकी धरा २० मिनिटं, झाले १३७ तास. एवढ्यात यमनची एक बंदिश गळ्यावर चढली असती. त्यात टॅगिंग, म्हणजे प्रत्येक फाइलीला गायक, अल्बम वगैरे माहिती चिकटवणं, धरलंच नाही.

माझ्या सासऱ्यांनी हेच केलं. तीन वर्षं रोज संध्याकाळी रिप. मग मोलकरणीच्या झाडूत वायर अडकली आणि डिस्क टेबलावरून खाली. एकच प्रत. सीड्या "आता काय करायच्यात" म्हणून रद्दीवाल्याला दिलेल्या. आता ते माझ्याच फॅमिली प्लॅनवर भजनं ऐकतात आणि खूश आहेत.

तिसरी घंटा

सीड्या रद्दीत घातल्या हा दोष सासऱ्यांचा, रिपिंगचा नाही. माझ्या तीन प्रती आहेत, त्यातली एक बहिणीकडे नाशकात.

काळी दोन

रिप काय, माकडही करेल. खरी बोंब टॅगची आहे. सीडी घातली की सॉफ्टवेअर नेटवरून माहिती ओढून आणतं: कलाकार "व्होकल", अल्बम "क्लासिकल", प्रकार "वर्ल्ड म्युझिक". कुठल्या वर्ल्डचं हो? ट्रॅक एक "विलंबित एकताल", ट्रॅक दोन "द्रुत तीनताल". माझ्याकडे "विलंबित एकताल" नावाची ६३ ‘गाणी’ होती. फ्लॅकमध्ये हव्या त्या नावाचा रकाना करता येतो, म्हणून मी राग, ताल, घराणं, तबला, पेटी असे वेगळे रकाने केले. चार वर्षं लागली. आता सूर्य कलला की मारवा म्हणतो, घरातले नऊ मारवे ओळीने उभे राहतात. तुमचं मिसळ-ॲप हे करून दाखवेल?

एडिसनकर

राग रकान्याला +१. म्युझिकब्रेन्झवर (लोकांनीच भरलेला संगीताच्या माहितीचा नेटवरचा कोश) रचनेला राग-ताल जोडायची सोय आहेच, तिथे भर घातली तर सगळ्यांचाच फायदा. पण टॅग रोमनमध्ये ठेवा. देवनागरी टॅग माझ्या गाडीच्या पडद्यावर चौकोन चौकोन दिसतात.

काळी दोन

रोमनमध्ये यमन कसा लिहिता? वायने की ईने? मित्राच्या डिस्कवर एकच राग पाच स्पेलिंगांनी बसलाय आणि मित्राला वाटतं त्याच्याकडे पाच राग आहेत. चौकोन दिसत असतील तर गाडी बदला, लिपी कशाला बदलायची?

एडिसनकर

गाडी बदला म्हणे. हप्ते तुम्ही भरणार? माझी मुलं इथे परदेशात शनिवारच्या मराठी शाळेत आत्ता कुठे ‘क’ला काना देतायत. रोमनमध्ये नाव दिसलं तर निदान लावतील तरी. पुण्यात बसून लिपीचा अभिमान बाळगायला काही लागत नाही.

काळी दोन

मी पुण्यात नाही, इचलकरंजीत आहे. आणि मुलांना वाचता येत नाही म्हणून भीमपलासने वेष पालटायचा हे काही पटलं नाही.

खटपट्या

तुम्ही दोघं भांडा, पण देवनागरीतला खरा घोळ दोघांनाही ठाऊक नाही असं दिसतं. ‘वाऱ्यावर’ हा शब्द घ्या. त्यातलं ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवलं जातं. एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडक. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे. शोधायला गेलं की दोन वेगळे शब्द!

माझी वाऱ्याची निम्मी गाणी सापडेनात. वाटलं फाइली उडाल्या. दोन सीड्या पुन्हा रिप केल्या, बायकोवर (विनाकारण) संशय घेतला. मग कळलं, अर्धे टॅग मी ऑफिसच्या कीबोर्डवर टंकले होते आणि अर्धे फोनवर. ‘ॲ’चीही तीच कथा, तो सुटा एक अक्षर म्हणूनही येतो आणि ‘अ’वर चंद्र चढवूनही येतो. शेवटी बारा ओळींचं पायथन लिहून सगळं एका रूपात आणलं. नॅव्हिड्रोमला शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतो.

ठाणेकर मामी

लिपी कुठलीही ठेवा रे, पण ते ‘पंडित’ काढा आधी! ह्यांनी सगळ्यांच्या आधी पंडित लिहून ठेवलंय. परिणाम असा की अर्धं घराणं ‘प’मध्ये कोंबलेलं, उस्ताद सगळे ‘उ’मध्ये, किशोरीताई ‘गानसरस्वती’ म्हणून ‘ग’मध्ये. बुवा तेवढे सुटले, कारण बुवा नावाच्या शेवटी असतं.

काळी दोन

मामी, भीमसेन जोशी एवढंच लिहायचं? शाळेतल्या हजेरीसारखं?

ठाणेकर मामी

भारतरत्नाला पंडित लिहिलं नाही तर त्याचं काय कमी होतं? आणि ‘पंडित’, ‘पं.’ आणि नुसतं नाव, असे एकच भीमसेन ह्यांच्या यादीत तीन माणसं होऊन बसलेत. तो मान का?

खटपट्या

मामी, दाखवायचं नाव आणि क्रमवारीचं नाव असे दोन वेगळे टॅग असतात. दाखवताना पंडित ठेवा, क्रमवारीत ‘जोशी भीमसेन’. आणि मिश्र सीडीला ‘अल्बम आर्टिस्ट’ एकच भरा, नाहीतर बारा गायकांच्या सीडीचे बारा अल्बम होतात.

ठाणेकर मामी

झालेतच. बारा नाही, चौदा. ह्यांना वाचून दाखवते.

सुटसुटीत

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुणीतरी सांगा, गाणं ऐकता कधी?

काळी दोन

हा प्रश्न विचारणाऱ्याने विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये जाहिरात ऐकलेली असते.

एडिसनकर

काळी दोन, तुमच्या रकान्यात यमन आणि यमनकल्याण एकत्र आहेत का? जुन्या धाग्यावर तुम्ही पडद्याचा फोटो टाकला होता, त्यात यमनकल्याण दिसला नाही.

काळी दोन

एकत्र आहेत. निम्म्या वेष्टनांवर कंपनीने काय लिहावं याला धरबंध नाही. यमन लिहिलेल्यात यमनकल्याणाचा शुद्ध मध्यम निघतो, यमनकल्याण लिहिलेल्यात तो औषधालाही सापडत नाही.

एडिसनकर

म्हणजे स्पेलिंग पाच असली तर तुम्हाला चालत नाही, पण शुद्ध मध्यम गिळला तर चालतो. चार वर्षं रकाने भरले आणि राग बुडवला. वा!

काळी दोन

तुम्ही कान लावून ऐका आणि ठरवा. मी प्रत्येक सीडीला ‘रागाबद्दल शंका’ असा रकाना ठेवलाय, तो त्या फोटोत दिसत नाही. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

नादखुळा

सीडीवाल्यांनो, तुमचं बरं हाय. मी कॅसेटी घेऊन बसलोय, दोनशेच्या वर. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते, तिथं घाई नाही चालत. आधी डेक उघडला तर बेल्टचं डांबर झालेलं, बोटाला लागलं ते तीन दिवस जाईना. कोकणातनं आणलेल्या कॅसेटींच्या टेपेवर पांढरी बुरशी. काहींचा आतला तो फोमचा गादीचा तुकडा गळून पडलेला, मग आवाज गुहेतनं आल्यागत. तो दुसऱ्या फालतू कॅसेटीतला काढून लावायचा. मग हेडचा बारका स्क्रू चिमूटभर फिरवायचा, आवाज एकदम उघडतो बघा, खिडकी उघडल्यासारखा.

आता मुद्दा. १९८४ च्या सुमाराला आमच्या अण्णांनी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून रात्रीचं गाणं भरलं. मारव्याचा आलाप चाललाय, कोमल रिषभावर थांबलेत, आणि मागं कुकरच्या तीन शिट्ट्या. तिसऱ्या शिट्टीनंतर आईचा आवाज, "अहो, बारीक करा की!" आता आईला गॅस म्हणायचा होता का रेडिओ, यावर आमच्यात अजून वाद हाय.

मी पहिल्यांदा ऑडॅसिटी ह्या आवाज सुधारायच्या सॉफ्टवेअरात नॉइज रिडक्शन मारलं. खरखर गेली, आणि तिच्याबरोबर तंबोरा बी गेला. मागं नुसती पाण्याखालची गुळगुळ. पुसून टाकलं, मूळ तसंच ठेवलं. टॅगात गायकाचं नाव, पेटीचं, तबल्याचं आणि शेवटी ‘कुकर: आई’.

ठाणेकर मामी

नादखुळा, शिट्टी ऐकायची आहे. पाठवा.

कलमबहाद्दर

पाठवा काय, पाठवा काय? स्वतःच्या सीडीची प्रत स्वतःसाठी करणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या खाजगी वापरात बसेल असं म्हणता येतं. पेन ड्राइव्ह भरभरून वाटणं त्यात बसत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६० ची तबकडी २०२१ पासून मोकळी, पण कवी आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे, ते त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं.

नादखुळा

आणि कुकरच्या शिट्टीचे हक्क कुणाकडं?

कलमबहाद्दर

चेष्टा करा. धाड पडली की मला फोन करू नका.

ठाणेकर मामी

सालाचं बोला त्यापेक्षा. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ ला झालं, तेव्हा गायक वेगवेगळे होते. बाबूजींनी सगळी ५६ गाणी स्वतः गायलेला संच नंतरचा, आणि आमच्याकडची सीडी त्याच्याही नंतरची. ‘वर्ष’ रकान्यात काय घालू? ह्यांनी सीडीचं साल घातलंय. नातवाला वाटतं गाणी त्याच्या जन्माच्या आसपासची आहेत.

खटपट्या

मूळ वर्षाचा वेगळा टॅग असतो, मामी. दोन्ही भरा.

सुटसुटीत

बरं. थोडं मागे येतो, सगळं नाही. रोजच्या ऐकण्याला माझं ॲपच बरं, यावर ठाम आहे. १३७ तासांचा हिशेबही कुणी खोडलेला नाही. पण काल रात्री सासऱ्यांना विचारलं, रद्दीवाल्याकडे सगळंच गेलं का. म्हणाले, सीड्या गेल्या, कॅसेटी माळ्यावर आहेत. एक बूट बॉक्स निघाला. वरच्या कॅसेटीवर बॉलपेननं लिहिलंय "गच्ची, कोजागिरी, बापट सोडून सगळे". काय आहे त्यांनाही आठवत नाही. बापट का नव्हते हे मात्र अर्धा तास सांगत होते. डेकही आहे, चालू केला तर मोटर फिरते, चकत्या फिरत नाहीत.

नादखुळा, तो बेल्ट कुठे मिळतो?

नादखुळा

आधी जुना काढून रिकाम्या जागेचा घेर दोऱ्यानं मोजा. डांबर झालं असलं तर स्पिरिट आणि कानातले बोळे. माप टाका इथं, माझ्याकडं चार-पाच पडल्यात.

तिसरी घंटा

आणि सुटसुटीत, ती कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मगच वाजवा. इतक्या वर्षांत आतल्या आत चिकटलेली असते. टॅगमध्ये बापटांचं काय करायचं ते काळी दोन सांगतील.

काळी दोन

‘अनुपस्थित’ असा रकाना करा.