आकडा वाचकापाशी थांबत नाही

व्हिडिओ गेमच्या समीक्षेत गुणांचा आकडा द्यावा का, या वादात ‘आकडा नको असेल तर बघू नका, खालचा मजकूर वाचा’ असं म्हणणारे असतात. ते वाचकापुरतं पटतं. घाईत असलो की मीही आधी आकडाच बघतो, खोटं कशाला बोलू! पण त्याचा हिशोब पुढे भलत्याच ठिकाणी होतो, ते या वादात कुणी मांडलेलं दिसलं नाही. २०१० चा ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ हा गेम घ्या. ऑब्सिडियन या स्टुडिओने तो बेथेस्डा या प्रकाशक कंपनीसाठी बनवला. समीक्षकांच्या गुणांची शंभरपैकी सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर किमान ८५ ची सरासरी आली तर ऑब्सिडियनला बोनस, असं ठरलं होतं. आले ८४. एका गुणाने बोनस हुकल्याचं ऑब्सिडियनच्याच ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं.

आता ती सरासरी निघते कशी बघा. पाचपैकी चार तारे म्हणजे तिथे सरळ ८०. लिहिणाऱ्याच्या मनात ‘जरूर खेळा’ असतं, पण ८५ च्या अटीपुढे तेच चार तारे सरासरी खाली ओढतात. शिवाय कोणत्या समीक्षेला किती वजन हे मेटाक्रिटिकवाले उघड करत नाहीत, आणि गुण धरतात पहिल्यांदा दिलेला. ‘न्यू व्हेगस’ सुरुवातीला बग्सनी, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांनी, बेजार होता. पुढे दुरुस्तीचे पॅच येऊन बराच सुधारला, तरी जुना आकडा तसाच चिकटून राहिला.

बाकी आकडे पार काढून टाकणंही सोपं नसावं. गेमच्या समीक्षा छापणाऱ्या युरोगेमर या संकेतस्थळाने २०१५ मध्ये दहापैकी गुण देणं बंद केलं आणि २०२३ मध्ये पाच तारे घेऊन परत आले.