विषय: स्टेशनवरच्या मुलांचे पैसे अडकलेत, तातडीचं

मेधा:
नमस्कार मंडळी, रविवारचे पैसे मोजून झाले. स्टॉल आणि देणगीचा डबा मिळून ३,१४० पौंड. पण काल रात्री कल्याणच्या, स्टेशनवरच्या मुलांचा रात्रनिवारा चालवणाऱ्या ताईंशी बोलले तेव्हा कळलं की त्यांच्या संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी) नाहीये. म्हणजे आपल्या इथल्या, ब्रिटनमधल्या मंडळाच्या खात्यातून त्यांना पाठवताच येणार नाही. रात्रनिवाऱ्याचं भाडं १ तारखेला द्यायचंय. कुणाला यातलं कळत असेल तर आजच लिहा प्लीज.

सुनील:
सोपं आहे की. ज्यांच्याकडे इंडियन पासपोर्ट आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकेमार्फत पाठवलेले पैसे फॉरेन काँट्रिब्यूशन, म्हणजे परदेशी देणगी, धरत नाहीत. आपल्यात असे दहाबारा तरी आहेत. मंडळाने प्रत्येकाला तीनशे द्यायचे, त्याने आपल्या नावाने पाठवायचे. आठवड्यात काम होईल.

श्रीपाद (खजिनदार):
सुनील, पहिलं वाक्य बरोबर, पुढचं चूक. स्वतःची बचत म्हणजे स्वतःचीच. मंडळ इथली संस्था, निम्मे सभासद ब्रिटिश नागरिक, ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी कायद्याने तो परदेशी पैसाच. तो दुसऱ्याच्या नावाने फिरवला तर आपल्याला कुणी विचारणार नाही, चौकशी त्या ताईंच्या मागे लागेल. आणि कमिटीच्या ठरावाशिवाय खात्यातून पैसा हलणार नाही, लातूरच्या भूकंपापासून हा नियम आहे आणि मी असेपर्यंत राहील.

विजया:
श्रीपादराव, ९३ साली ठराव वगैरे काही झाला नव्हता, आमच्या घरी चहाला जमलो होतो तिथेच ठरलं आणि दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट गेला. असो. माझ्याकडे मुलांचे चांगले स्वेटर, जॅकेटं खूप आहेत, ते कुणी जाणारं असेल त्याच्याबरोबर पाठवू का?

अनघा:
विजयाकाकू, कपडे नका पाठवू हो. मी समाजकार्याची एमएसडब्ल्यू करताना वर्षभर व्हीटी स्टेशनला जायचे. मुलांना नवा शर्ट दिला की संध्याकाळपर्यंत मोठ्या पोरांनी काढून घेतलेला असायचा, नाहीतर विकून त्याचं व्हाईटनर आलेलं असायचं, रुमालावर ओतून हुंगायला. त्यांना हवी होती आंघोळीची जागा आणि दिवसाची कमाई ठेवायला कुलपाची पेटी. दहा वर्षांचा एक मुलगा पैसे तोंडात धरून झोपायचा. मला अजून आठवतो.
आणि "मुलांच्या हातातच पैसा पोचला पाहिजे" असं रविवारी दोघातिघांनी म्हटलं, ते मला पटलेलं नाही. मूल सापडलं की २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, मग घरचा पत्ता काढायचा, तो बिहार-यूपीचा निघाला तर कार्यकर्त्याने दोन दिवस गाडीत बसून सोडायला जायचं, परत एकट्याने यायचं. ते तिकीट आणि तो पगार हीच मदत आहे.

सुनील:
अनघा, पटलं. मग एफसीआरए असलेल्या दुसऱ्या संस्थेला देऊ, ती कल्याणला देईल.

श्रीपाद:
ते २०२० पासून बंद आहे. परदेशातून आलेला पैसा एका संस्थेने दुसरीला द्यायचा नाही, दुसरीकडे एफसीआरए असलं तरीही नाही. शिवाय पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतच उतरतात आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणलीये. मला अडवायचं नाहीये, मीही रविवारी सात तास तळत उभा होतो.

अनघा:
मग इथलीच रेल्वे चिल्ड्रन ही संस्था का नको? ब्रिटिश रेलमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेल्या डेव्हिड मेडमेंट यांनी चर्चगेटला एक छोटी मुलगी भीक मागण्यासाठी स्वतःलाच चाबकाचे फटके मारून घेताना पाहिली, त्यातून ही संस्था उभी राहिली. भारतातही स्टेशनवरच्या मुलांसाठी काम करते, इथे रजिस्टर्ड आहे, म्हणजे गिफ्ट एड, देणगीवर इथल्या सरकारकडून संस्थेला मिळणारी जादा रक्कमसुद्धा मिळेल, पौंडामागे २५ पेन्स.

श्रीपाद:
फक्त डब्यातल्या देणग्यांवर, आणि तेही ज्यांनी डिक्लरेशन दिलं त्यांच्याच. वडापावची विक्री ही देणगी धरत नाहीत.

मेधा:
मला त्या संस्थेबद्दल आदरच आहे, पण मी स्टॉलवर प्रत्येकाला कल्याणचं नाव सांगून पैसे घेतलेत. लोकांनी सुट्टे परत घेतले नाहीत ते त्या नावामुळे. आता न विचारता दुसरीकडे कसे देऊ?
मी असं करते. स्टॉलच्या पैशांचं काय करायचं ते गुरुवारी ठरावाने ठरू दे, त्याआधी ज्यांनी दिलेत त्यांना मी विचारते. भाड्याचे ताईंनी २२,००० रुपये सांगितलेत. ते आम्ही इंडियन पासपोर्टवाले स्वतःच्या पगारातून भरू, मंडळाच्या पैशाला हात न लावता. माझे आणि नवऱ्याचे मिळून ६,०००. ताईंना बँकेसाठी प्रत्येकाच्या पासपोर्टची कॉपी लागेल, ती लिस्टवर नका टाकू, त्यांनाच पाठवा. अजून कोण?

सुनील:
माझे ५,०००.

विजया:
माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे गं, पण सूनबाईचा इंडियन आहे. तिला संध्याकाळी विचारते.

श्रीपाद:
विजयाताई, तिने तिचे स्वतःचे दिले तरच. तुम्ही तिला देऊन नको.