सुतारकाम / वुड टेक्नॉलॉजीच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती – मदत हवी आहे

भाचीचा_मामा

नमस्कार मंडळी,

भाचीसाठी विचारतोय. यंदा बारावी सायन्स, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो). राहणार कुडाळ तालुका. भावोजींचा सुतारकामाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक जुनं रंधा मशीन, पट्ट्याची करवत आणि दोन माणसं. दारं, चौकटी, देव्हारे, चतुर्थीच्या आधी पाट आणि मखरं.

मुलगी त्या भुशातच वाढली. मध्यंतरी एक गिऱ्हाईक साग म्हणून फळ्या घेऊन आलं. हिने कोपऱ्यावर रंधा मारला, सालपट हातात चुरून वास घेतला आणि 'हा साग नव्हे' म्हणून तोंडावर सांगितलं. साग ताजा रंधला की चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतो, ते दोन्ही तिथे नव्हतं. बापाला वाईटपणा आला तो आलाच.

तर तिला लाकडातच काहीतरी करायचंय. डॉक्टर, इंजिनियर, नर्सिंग काही नको. बहिणीचं म्हणणं, मुलीच्या जातीने रंधा मारत बसायचं का? भावोजींचं म्हणणं, खुशाल कर, पण हातात कागद हवा. खर्चाचं मात्र दोघांचंही एकच म्हणणं आहे, जमणार नाही.

माझ्या शोधात आलेले रस्ते:

आयटीआयचा सुतारकाम ट्रेड, एक वर्ष.
दापोलीला बीएससी फॉरेस्ट्री, चार वर्षं. पुढे देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत एमएससी वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजी.
फर्निचर डिझाइन. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) फी बघितली आणि तो टॅब बंद केला.

'वुडवर्किंग स्कॉलरशिप' म्हणून नेटवर शोधलं तर सगळ्या अमेरिका-कॅनडाच्या. बहुतेकींत पहिली अट तिथला रहिवासी असण्याची. आपल्याकडे सुतारकामाला किंवा वुड टेक्नॉलॉजीला म्हणून काही शिष्यवृत्ती आहे का? ओबीसी (सुतार), जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी (जात पडताळणी प्रमाणपत्र) काढलेली नाही. मागच्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला २ लाख १० हजारांचा. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

किंजळ

वाचनखूण साठवली आहे. चुलतभावाला हवीच होती ही माहिती.

फाईलबहाद्दर

मामा, कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो, म्हणून जरा लांब लिहितो.

'सुतारकामाची शिष्यवृत्ती' हा शोध आधी थांबवा. आपल्याकडे पैसा धंद्याच्या नावाने येत नाही. तो दोन गोष्टींवर येतो: अभ्यासक्रम कुठल्या खात्याच्या यादीत बसतो आणि तुमच्या कागदावर जात-उत्पन्न काय आहे. मुलगी लाकूड शिकते की लोखंड, याच्याशी महाडीबीटीला (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलला) देणंघेणं नाही. ते एकदा लक्षात आलं की तुमची भाची बऱ्याच चांगल्या जागी उभी आहे.

एक, ती मुलगी आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा, संस्थेच्या कोट्यातून घेतला तर नाही. कृषी विद्यापीठांचे व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमही यात येतात आणि दापोलीची फॉरेस्ट्री कृषी विद्यापीठाचीच आहे. म्हणजे फीचा प्रश्न जवळजवळ मिटला.

राहिलं राहणं-जेवणं, आणि खरा खर्च तोच असतो. वसतिगृहाला अर्ज कराच. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी मुलांसाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' आहे. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला वर्षाला ३८ हजार रुपये थेट खात्यात. मुंबई-पुण्याला हाच आकडा ६० हजार आहे. विद्यार्थी ज्या गावात शिकतो तिथला रहिवासी नसावा ही अट, ती कुडाळ-दापोलीला आपोआप पूर्ण होते. जिल्हावार जागा ठरलेल्या असतात, तेव्हा अर्ज सुटला की पहिल्या आठवड्यात भरा.

आणि इथेच तुमचा २ लाख १० हजारांचा दाखला कामाचा. या योजनेला मर्यादा अडीच लाखांची आहे. भावोजींनी नव्या दाखल्यासाठी सेतूत स्वयंघोषणापत्र भरताना आकडा खराच लिहावा, पण धंद्याची उलाढाल म्हणजे उत्पन्न नव्हे हे ध्यानात ठेवून लिहावा. लाकडाच्या खरेदीचे आणि मजुरीचे पैसे उत्पन्नात धरून तीन-साडेतीन लाखांचे दाखले काढून आणणारे पालक दर वर्षी बघतो. मग फीमाफी मिळते आणि निर्वाहाचा पैसा हातचा जातो.

आता व्हॅलिडिटी. उद्या नाही, आजच. बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे अर्ज जातो. राखीव जागेवर व्यावसायिक प्रवेश घ्यायचा तर ती लागतेच. वडिलांकडच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर तिची प्रत जोडा, काम हलकं होतं. नॉन-क्रिमीलेअर त्याच फेरीत काढा.

शेवटचं, मुलीचं स्वतःचं बँक खाते आधारशी जोडलेलं हवं. नुसता आधार क्रमांक बँकेत देणं वेगळं आणि एनपीसीआयला (बँकांमधल्या पैशांच्या देवाणघेवाणीच्या यंत्रणेला) मॅप होणं वेगळं. अर्ज मंजूर, पैसा मात्र वर्षभर लटकलेला, यामागे निम्म्या वेळा हेच निघतं.

परखड_पाटील

घरात शेड, मशीन, शिकवायला बाप. कशाला हवी डिग्री? चार वर्षांत मुलगी स्वतः दुकान काढील.

भाचीचा_मामा

@परखड_पाटील, भावोजींना हेच विचारलं. ते म्हणाले, मला चौकट करता येते, पण फॅक्टरीवाला प्लाय का फुगतो हे मला सांगता येत नाही. तिला ते शिकायचंय.

@फाईलबहाद्दर, साष्टांग दंडवत. व्हॅलिडिटीची फाईल या आठवड्यातच लावतो. बहिणीच्या चुलत सासऱ्यांच्या मुलाची झालेली आहे, म्हणजे मुलीचा चुलत काका.

दापोलीकर_२०१४

दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातून बाहेर पडलोय, म्हणून आतलं सांगतो. फॉरेस्ट्री म्हणजे वुड टेक्नॉलॉजी नव्हे. चार वर्षांत रोपवाटिका, वनसंवर्धन, कृषिवनिकी, वन्यजीव, मोजमाप असं सगळं येतं. लाकडाची रचना, सीझनिंग (लाकूड वाळवणं), टिकाऊपणा, संमिश्र लाकूड हे त्यातले काही पेपर. भाचीला नुसतं लाकूडच हवं असेल तर पहिली दोन वर्षं तिला चुकल्याचुकल्यासारखं होईल. हे तिला आधीच सांगून ठेवा.

पण पुढचा रस्ता त्यातूनच उघडतो. देहरादूनच्या एमएससी वुड सायन्सला बीएससी फॉरेस्ट्री चालते, तशीच फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन केलेली साधी बीएससीही चालते. म्हणजे दापोली नाही मिळालं तरी कुडाळ-सावंतवाडी-कणकवलीत पीसीएम घेऊन बीएससी करायची, घरून जाऊन-येऊन, उरलेल्या वेळात शेडमध्ये हात चालवायचा. खर्चाच्या दृष्टीने हा पर्याय कुणी सुचवत नाही. मला तो सगळ्यात शहाणा वाटतो.

दुसरं ठिकाण बंगळुरूचं. तिथे मल्लेश्वरमला काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, केंद्र सरकारच्या वन संशोधन परिषदेची. प्लायवुडची जुनी संशोधन संस्था, इपिर्टी, आता तिच्यातच विलीन झालीय. पदवीनंतरचा वुड अँड पॅनल प्रॉडक्ट्सचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा इपिर्टीचाच. प्लाय आणि एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या बोर्डांच्या) कारखान्यांत त्या डिप्लोमाला मान आहे. प्लाय का फुगतो ते तिथे नक्की कळेल :) याच संस्थेत अद्ययावत लाकूडकाम प्रशिक्षण केंद्रही आहे, सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) वगैरे मशीनवरचे छोटे कोर्स होतात. शिवाय या संस्थांत प्रोजेक्ट फेलोच्या जागा निघतात, दरमहा मानधन मिळतं. शिष्यवृत्ती नसली तरी शिकता शिकता पैसे देणारी हीच जागा.

रंधेबाज

आयटीआयबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. ट्रेडचं नाव नव्या अभ्यासक्रमात 'वुड वर्क टेक्निशियन' झालंय, तेव्हा यादीत 'कारपेंटर' सापडलं नाही तर घाबरू नका. आठवी पासवर प्रवेश आहे, मुलींना ३० टक्के जागा राखीव. सरकारी आयटीआयची फी किरकोळ. विद्यावेतन महिन्याला ४० रुपये होतं, ते ५०० केलंय, त्यावर काय बोलायचं. खासगीत केंद्रीय प्रक्रियेतून गेलात तर शुल्काची प्रतिपूर्ती महाडीबीटीवर आहे.

खरा पैसा आयटीआयनंतर, अ‍ॅप्रेंटिसशिपमध्ये. मुंबईची जहाजबांधणी कंपनी माझगाव डॉक आयटीआय झालेल्यांमधून कारपेंटर ट्रेडचे अ‍ॅप्रेंटिस घेतं, रेल्वेच्या वर्कशॉपमध्येही घेतात. खासगी कंपनीनेही नोंदणी करून घेतलं तर स्टायपेंडच्या २५ टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं. त्यामुळे मॉड्युलर फर्निचरवाले आता नाही म्हणत नाहीत.

वर्षभरात हाताला शिस्त लागते हे मात्र खरं. घरी शिकलेली मुलं कुसू (सांध्यात बसणारं टोक) अंदाजाने काढतात आणि मग साल (त्याचं भोक) पाचर मारून भरतात. आमच्याकडे गुण्या (काटकोन मापायचा) आणि खतावणी (रेघ आखायची) हातात घेतल्याशिवाय पटाशीला हात लावू देत नाही.

भावोजींसाठी वेगळं: पीएम विश्वकर्मामध्ये नाव घातलंय का? १८ धंद्यांत सुतार आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, मग ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाख कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळतं, तेव्हा मुलीचं नाव घालून तो हक्क घालवू नका. मुद्रा कर्ज चालू असेल तर ते आधी फेडावं लागतं.

नेकारकाठी

श्टुटगार्टजवळ राहतो. जर्मनीचं कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. इथे फर्निचर-सुताराचं प्रशिक्षण तीन वर्षांचं, सरकारी व्यवसाय शाळेला फी नाही आणि मालक दरमहा पगार देतो. ऐकायला छान. पण आमच्या बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये पहिलं वर्ष बहुतेक पूर्णवेळ शाळेत जातं आणि त्या वर्षी पगार नसतो. पगार पुरेसा नसेल तर उरलेले पैसे व्हिसासाठी आधीच दाखवावे लागतात. जर्मन भाषा निदान बी१ पातळीपर्यंत यायला हवी. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने या राज्याशी करार केला, त्यात सुतार होते, पण तो शिकून तयार झालेल्या कारागिरांसाठी. बारावीच्या मुलीने आत्ता तिकडे डोळे लावू नयेत. आयटीआय किंवा पदवी हातात आली की विचारा, तोवर भाषा सुरू करायला हरकत नाही.

भाचीचा_मामा

सगळ्यांचे आभार. भाचीला धागा वाचून दाखवला. तिने दापोलीचा अर्ज भरायचा आणि नाही लागला तर घरून बीएससी, असं स्वतःच ठरवून टाकलं. रंधेबाजांचं कुसू-साल भावोजींना वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत.

भावोजींचं मुद्रा कर्ज चालू आहे, पाच हप्ते बाकी. ते फेडून मग विश्वकर्माला जाऊ.

एक शंका राहिली. आधार योजनेचा अर्ज आधी वसतिगृहाला अर्ज करून, नाकारल्यावरच करायचा, की दोन्ही एकदम?

फाईलबहाद्दर

आधी वसतिगृहाला अर्ज करा आणि त्याची पोच जपून ठेवा. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीच ही योजना आहे, तेव्हा तुम्ही तिथे अर्ज केला होता हे हातात कागदावर असू द्या. उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा लागेल, जुना चालणार नाही.