करिअर मेळाव्याला जाण्याआधी नेमकी कोणती तयारी करावी?

तिसरे_वर्ष

नमस्कार. मी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तीन आठवड्यांनी आमच्या महाविद्यालयात करिअर मेळावा भरणार असून त्यात 40 कंपन्या येणार आहेत. गेल्या वर्षी मी कसलीही तयारी न करता गेले, 20 स्टॉलवर रेझ्युमे दिले, प्रत्येक ठिकाणी "आपली कंपनी काय करते?" असे विचारले आणि पेन व माहितीपत्रकांनी भरलेली पिशवी घेऊन परत आले. पुढे एकाही ठिकाणाहून उत्तर आले नाही. एका स्टॉलवर तर मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मागच्या फलकावरच ठळक अक्षरांत लिहिलेले होते, हे मला तिथून निघताना दिसले.

माझ्या गाठीशी इंटर्नशिप नाही. केवळ एक प्रोजेक्ट आहे. बोलायला सुरुवात कशी करावी, कंपन्यांची माहिती किती खोलात जाऊन काढावी, आणि बहुतेक जण "संकेतस्थळावर अर्ज करा" असेच सांगणार असतील तर मेळाव्याला जाऊन नेमके काय साधते, याविषयी अनुभवींनी कृपया मार्गदर्शन करावे.

स्टॉलमागचा

मी काही वर्षे स्टॉलच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलो आहे, म्हणून आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. "संकेतस्थळावर अर्ज करा" हा नकार नसतो. मोठ्या कंपन्यांमध्ये सर्व अर्ज एकाच प्रणालीत यावे लागतात, कारण कोणी कधी अर्ज केला आणि त्याची निवड का झाली किंवा का झाली नाही, याची नोंद ठेवावी लागते. त्यामुळे हातात दिलेला कागद हा बहुधा अर्ज धरलाच जात नाही. मात्र ज्यांच्याशी बोलणे चांगले झाले त्यांच्या रेझ्युमेच्या कोपऱ्यात मी खूण करीत असे आणि संध्याकाळी त्या नावांची यादी संबंधित विभागाकडे पाठवीत असे. असे सगळीकडेच घडते असे नाही. परंतु त्या यादीतल्या कोणी प्रत्यक्ष अर्जच केला नसेल, तर माझ्या खुणेचा काही उपयोग होत नसे, आणि असे विद्यार्थी दर वर्षी निघत. म्हणून हे वाक्य ऐकल्यावर "ठीक आहे" म्हणून वळू नका. "कोणत्या पदासाठी अर्ज करणे योग्य ठरेल, आणि अर्जात आपल्या भेटीचा उल्लेख केला तर चालेल का?" असे विचारा. पदाचे नेमके नाव आणि समोरच्या व्यक्तीचे नाव, एवढे दोन तपशील घेऊन निघालात तरी ती भेट वाया गेली नाही.

आता सुरुवातीविषयी. दिवसभरात शंभराहून अधिक विद्यार्थ्यांशी बोलणाऱ्या माणसाला "मी मेहनती आहे आणि मला शिकण्याची आवड आहे" हे वाक्य ऐकू येणे बंद झालेले असते. त्याऐवजी आपण काय केले ते सांगा. उदाहरणार्थ: "मी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील दोन वर्षांच्या देवघेवीच्या नोंदी घेऊन परीक्षेच्या काळात कोणत्या पुस्तकांची मागणी वाढते, याचा अंदाज बांधणारा प्रोजेक्ट मी केला. आपल्या विश्लेषण विभागातील उन्हाळी इंटर्नशिपविषयी मला जाणून घ्यायचे आहे." याला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही, आणि पुढचा प्रश्न आपल्याच प्रोजेक्टवर येण्याची शक्यता वाढते. इंटर्नशिप नाही याबद्दल दिलगिरी व्यक्त करू नका. नोंदींत कोणत्या चुका सापडल्या, त्या कशा दुरुस्त केल्या, पहिला अंदाज का चुकला, हे ज्याला सांगता येते त्याने काम स्वतः केले आहे, एवढे आम्हाला कळते.

आणखी एक गोष्ट: नोंदणी, प्रशिक्षण किंवा अनामत अशा कोणत्याही नावाखाली नोकरीसाठी पैसे मागणाऱ्या स्टॉलवर थांबू नका.

हिशेबी

वरील उत्तराला एक हिशेब जोडते. मेळावा तीन तासांचा असेल तर आपल्याजवळ 180 मिनिटे असतात. रांगेत 10 मिनिटे, बोलण्यात 4 आणि नंतर टिपणे काढण्यात 2, असे धरले तर एका कंपनीमागे 16 मिनिटे जातात. म्हणजे 40 पैकी जेमतेम 11 ठिकाणी जाणे होते. आपण गेल्या वर्षी 20 ठिकाणी गेलात, याचाच अर्थ कुठेही पुरेसे बोलणे झाले नाही. कोण कोण येणार याची यादी बहुधा आधी जाहीर होते. त्यातून मनापासून हव्या असलेल्या चार-पाच कंपन्या आणि बऱ्या वाटणाऱ्या सहा-सात निवडा, आणि बाकीच्या सोडून द्या.

पहिल्या गटातील प्रत्येक कंपनीसाठी अर्धा तास द्या, दुसऱ्या गटातील कंपनीसाठी पाच-दहा मिनिटे पुरतात. संकेतस्थळावरील "आमच्याविषयी" हे पान वाचण्यात वेळ घालवू नका, कारण ते सगळ्यांचे सारखेच असते. त्याऐवजी चालू रिक्त पदांच्या जाहिराती वाचा. त्या पदावरील व्यक्तीला रोज काय करावे लागते आणि कोणती साधने वापरावी लागतात, हे तिथे लिहिलेले असते, आणि विचारण्याजोगे प्रश्नही तिथेच सापडतात. "या पदाच्या जाहिरातीत ग्राहकांना अहवाल सादर करण्याचा उल्लेख आहे, नवीन व्यक्तीला ते काम साधारण केव्हा मिळते?" असा प्रश्न फलक वाचून सुचत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. पहिली भेट दुसऱ्या गटातील कंपनीची घ्यावी, म्हणजे अडखळणे तिथे होऊन जाते. सर्वांत आवडती कंपनी मात्र शेवटच्या तासासाठी राखून ठेवू नये. तोवर समोरची माणसे थकलेली असतात आणि काही जणांनी आवराआवरही सुरू केलेली असते.

तिसरे_वर्ष

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न आहे. माझा रेझ्युमे दोन स्तंभांच्या तयार नमुन्यात असून त्यात कौशल्ये रंगीत पट्ट्यांनी दाखवली आहेत. तो दिसायला सुबक आहे. तसाच ठेवावा का?

एक_पान

माझ्या मते ठेवू नये. अर्ज स्वीकारणारी सॉफ्टवेअर प्रणाली फाइलमधील मजकूर ओळीओळीने वाचते. दोन स्तंभ, तक्ते आणि चित्रे असली की डावीकडचे अर्धे वाक्य उजवीकडच्या वाक्याला चिकटण्याचा धोका असतो, आणि पानाच्या अगदी वरच्या शीर्षपट्टीत टाकलेला संपर्क काही प्रणाली वाचतच नाहीत. तपासण्याचा सोपा उपाय असा की पीडीएफमधील संपूर्ण मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि तो सलग वाचता येतो का ते पाहावे.

पट्ट्यांविषयी तर माझा जुना राग आहे. "पायथन 80 टक्के" म्हणजे कशाच्या 80 टक्के? त्याऐवजी पायथन वापरून काय केले ते एका ओळीत लिहावे. विद्यार्थ्यासाठी एक पान पुरते. फाइलच्या नावात स्वतःचे पूर्ण नाव असावे, "अंतिम_नवीन_2" नव्हे. छापील प्रती 15 न्याव्यात आणि त्या घडी न पडता साध्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

कमी_बोलणारा

'स्टॉलमागचा' यांनी दिलेली ओळख उत्तम आहे, परंतु ती शब्दशः पाठ करण्याशी मी सहमत नाही. मी पाठ केली होती. मध्येच समोरच्यांनी नाव पुन्हा विचारले आणि मला पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागली. पुढच्या मेळाव्यात मी केवळ तीन शब्द लक्षात ठेवले (वर्ष, प्रोजेक्ट, पद) आणि वाक्ये त्या त्या वेळी जुळवली. ती ओबडधोबड झाली, पण समोरची व्यक्ती मध्ये बोलली तरी धागा तुटला नाही. आधी मित्रांपुढे चार-पाच वेळा मोठ्याने बोलून पाहिले होते, त्याचाही उपयोग झाला.

पोशाखाची फार चिंता करू नका. नीटनेटका असला की झाले. पादत्राणे मात्र तीन तास उभे राहता येईल अशीच हवीत.

प्रत्येक भेटीनंतर बाजूला होऊन दोन ओळी लिहून ठेवा, कारण पाचव्या स्टॉलनंतर कोण काय म्हणाले याची सरमिसळ होते. ज्यांनी ईमेल दिला असेल त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत चार-पाच वाक्यांचा ईमेल पाठवा आणि त्यात आपल्या संभाषणातील एखादी विशिष्ट गोष्ट नमूद करा. नुसते "भेटून आनंद झाला" लिहिल्यास त्यांना आपला चेहरा आठवत नाही.

तिसरे_वर्ष

नोटपॅडची चाचणी आताच करून पाहिली. माझे नाव चौदाव्या ओळीवर, एका कौशल्याला चिकटून आले आणि दूरध्वनी क्रमांक कुठेच आला नाही. गेल्या वर्षी मेळाव्यानंतर ज्या सहा ठिकाणी मी ऑनलाइन अर्ज केले होते, तिथेही हीच फाइल जोडली होती. आज रात्री रेझ्युमे साध्या, एकस्तंभी स्वरूपात पुन्हा लिहायला घेत आहे.